कामाचा लॅपटॉप उघडला: मे-जून २०२५च्या नोंदी

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, फोन शांत. आज ठरवलं, जून संपायच्या आत लॅपटॉपचा निकाल लावायचा. जुलैपासून दिवाळी अंकांची पानं लावायला सुरुवात होते, मग याला हात लावायची सोय नाही.

काय काय दुखतंय ते आधी लिहून ठेवते, कारण नीट झाल्यावर काय बिघडलं होतं हेच आठवत नाही. चालू केल्यापासून पेजमेकर (पानं लावायचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत ६ मिनिटं ५० सेकंद (आज घड्याळ लावून पाहिलं, तेवढ्यात चहा होतो). पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत गिरणीसारखा. बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं. आणि टचपॅड दाबलाच जात नाही, खाली फरशी असल्यासारखा घट्ट. बोट फिरवलं की बाण हलतो, पण क्लिक नाही. दोन महिने माउसवर निभावतेय.

यंत्र: १५.६ इंची, २०१७च्या गणपतीच्या आधी घेतलेलं. आय५-७२००यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह.

मार्चमध्ये एका दुकानात दाखवला होता. न उघडताच सांगितलं, टचपॅडसकट वरचा सगळा भाग बदलावा लागेल, साडेचार हजार. आणि मग हळूच, ‘मॅडम, इससे अच्छा नया ले लो.’ नवा घ्यायला पैशांची अडचण आहेच, पण त्याहून मोठी अडचण पेजमेकरची. माझं पोट चालतं पेजमेकर ७वर, ते २००१ सालचं. त्याला युनिकोड, म्हणजे अक्षरांची आजची सर्वमान्य पद्धत, कळत नाही. लग्नपत्रिका, अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, सगळ्या फायली जुन्या फॉण्टांत अडकलेल्या, आणि त्या फॉण्टांचं कुलूप एका यूएसबी डोंगलमध्ये. नव्या मशिनवर ही सगळी वरात न्यायची म्हणजे पंधरा दिवस गेले. ते करावं लागेल कधीतरी. या वर्षी नाही.

शुक्रवार, २ मे

समोरच्या खोलीतला ओंकार आला होता. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत मोकळा. त्याचं पहिलं वाक्य, ‘काकू, काही उघडू नका, आधी त्यालाच विचारू.’ पोरगा बरा आहे.

कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट असा हुकूम दिला की विंडोज बॅटरीचा अहवाल देते. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॉट-तास, आत्ताची पूर्ण चार्ज ११,३००. मग डिस्क तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो घातलं. डिस्कच्या नावासमोर पिवळा ठिपका, ‘सावधान’. डिस्क स्वतःच्या बिघाडांची वही ठेवते, स्मार्ट म्हणतात तिला. त्यात दोन ओळी बघायच्या असं ओंकार म्हणाला: ०५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेल्या जागा, आणि सी५, म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून बदललेल्याही नाहीत अशा जागा. आमच्या दोन्ही ओळींत शून्याऐवजी आकडे होते.

‘म्हणजे?’

‘म्हणजे काकू, आज रात्री पहिलं काम, तुमच्या फायली बाहेर काढा. बाकी सगळं नंतर.’

रात्री दीडपर्यंत कॉपी केल्या. नऊ फायली आल्याच नाहीत. त्यातल्या सात जुन्या जाहिराती, एक कुणाची तरी वास्तुशांत, आणि एक भजनी मंडळाचं लेटरहेड, ज्यातली वीणा मी हाताने रेखाटून स्कॅन केली होती. छापील प्रत असेल फाईलमध्ये. शोधायची आहे.

शनिवार, ३ मे

उघडला.

आधी तयारी. लॅपटॉपच्या पाठीचा आराखडा पेजमेकरमध्येच काढला, मूळ मापात, प्रत्येक स्क्रूच्या जागी एक गोल, आणि ए३ वर प्रिंट. गोलांवर डबल टेप. जो स्क्रू जिथून निघेल तो तिथेच कागदावर चिकटेल. ओंकार म्हणाला, सगळे लोक चहाच्या बश्यांमध्ये ठेवतात. ठेवोत. छपाईचे खिळे केसमध्ये आपापल्या घरातच परत टाकायचे, हे मी प्रेसमध्ये वडिलांकडे शिकले.

हे दारातून डोकावले आणि पंख्याचं बटण दाबलं. ‘अहो, पंखा नको!’ असं दोघंही एकदम ओरडलो. मे महिन्यात, ठाकुरद्वारच्या चाळीत, पंख्याशिवाय. घाम पुसायला वेगळा पंचा आणि हात पुसायला वेगळा.

चार्जर काढला. डीव्हीडी ड्राइव्हचा एकच स्क्रू, तो काढून ड्राइव्ह खणासारखी ओढली. खालच्या झाकणाला बारा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली लपलेले. ते पाय गोंदाने चिकटवलेले असतात, हेअर ड्रायर अर्धा मिनिट मारला की सुटतात. स्क्रूची लांबी तीन प्रकारची. पीएच० मापाचा स्क्रूड्रायव्हर बरोबर बसला. घरातला जुना किंचित मोठा आहे, तो वापरला असता तर डोकी घासली असती.

मग कडेने झाकण सोडवणं. यासाठी धातूचं काही घालू नये. माझं लॅमिनेशन केलेलं जुनं आय-कार्ड उपयोगी पडलं. एका कोपऱ्यात सरकवायचं, ‘टक्’ असा आवाज आला की पुढची क्लिप. अकरा वेळा टक् झालं आणि एकदा ‘कट्’. ती क्लिप गेली. बाकीच्यांनी झाकण धरून ठेवलंय, चालेल.

पुढची बाजू मात्र क्लिपा सुटायच्या आधीच वर उचलल्यासारखी होती. झाकण निघालं आणि दोघंही गप्प झालो. बॅटरी फुगलेली. सपाट असायला हवे असे तीन काळे पाकीटबंद सेल, त्यातला मधला उशीसारखा. आणि तो बरोबर टचपॅडच्या खाली.

तेव्हा उलगडा झाला. टचपॅड वरच्या कडेला बिजागरीसारखा धरलेला असतो आणि खालची कड एखाद मिलिमीटर खाली जाते, ती गेली की क्लिक. खाली जायला जागाच नाही तर क्लिक कुठून येणार? टचपॅडमध्ये काहीही बिघाड नव्हता. साडेचार हजारांत वरचा भाग बदलला असता आणि ही उशी तशीच नव्या टचपॅडखाली ठेवून दिली असती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

का फुगली? सेलमधलं द्रव्य वयानं आणि उष्णतेनं विघटन पावतं, त्यातून वायू सुटतो आणि पाकीट बंद असल्यामुळे तो तिथेच साठतो. सतत १०० टक्के चार्जवर आणि गरम जागी ठेवलेली बॅटरी लवकर जाते. माझा लॅपटॉप आठ वर्षं दिवसभर चार्जरला, मागे खिडकीतून पश्चिमेचं ऊन. तिने आठ वर्षं काढली हेच खूप.

बॅटरीचा कनेक्टर आधी सोडवला, तोही नखाने, वायर न ओढता. मग चार स्क्रू. दाबायची नाही, वाकवायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. हाताला गरम लागली नाही. ठेवायची कुठे यावर घरात चर्चा झाली. शेवटी मातीची रिकामी कुंडी, तळाला कोरडी रेती, टोकांवर चिकटपट्टी लावलेली बॅटरी, वर पुन्हा रेती, त्यावर उलटी बशी, घट्ट न लावता. खिडकीच्या लोखंडी ग्रिलमध्ये. सासूबाईंनी विचारलं, हे कसलं रोप.

बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालू झाला. टचपॅडने क्लिक केलं. मी ते वीसेक वेळा करून पाहिलं.

सोमवार, ५ मे

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यांपासून दुकानांच्या पावत्यांपर्यंत लॅमिंग्टनच. रविवारी बहुतेक दुकानं बंद म्हणून आज. ठाकुरद्वारहून प्रार्थना समाज, ऑपेरा हाऊस, चालत वीस मिनिटं.

एसएसडी (चकतीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) आणि रॅम, दोन्हींची नेमकी माहिती दुकानात जायच्या आधीच असली पाहिजे, नाहीतर तिथे उभं राहून फजिती होते. माझी झाली. काउंटरवरच्याने विचारलं, ‘साटा चाहिए या एनव्हीएमई?’ मी म्हटलं, ते छोटं पट्टीसारखं असतं ते. तो हसला. साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, आणि पट्टीसारखी दोन्ही असतात. एम.२ हे नुसतं आकाराचं नाव. त्या खाचेत काही लॅपटॉप साटा घेतात, काही एनव्हीएमई, काही दोन्ही, आणि २०१७च्या आसपासच्या स्वस्त मशिनांत ती खाच छापलेली असते पण कनेक्टर जोडलेलाच नसतो. ओंकारला फोन केला, त्याने शनिवारी काढलेला फोटो बघून सांगितलं: काकू, आपल्याकडे नुसते टाके आहेत, खाच नाही.

मग सरळ अडीच इंची साटा एसएसडी, ५०० जीबी, ७ मिमी जाडीची, जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी. साटा ३चा वेग सेकंदाला ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात ५०० एमबीच्या आसपास. एनव्हीएमई याच्या कितीतरी पट असतो, पण माझं दुखणं तो वेग नाही. पेजमेकर उघडताना शेकडो फॉण्टांच्या छोट्या छोट्या फायली वाचतो. हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. प्रत्येक फायलीसाठी तिचा दांडा जागेवर जायचा आणि चकती फिरून समोर यायची वाट बघायची. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. एका दमात मोठी फाईल वाचण्यापेक्षा फरक इथे पडतो.

रॅम: डीडीआर४, २६० पिनांची. डीडीआर३ची पट्टी २०४ पिनांची आणि तिची खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकून बसत नाही. दुकानात ३२००ची मिळाली. माझा प्रोसेसर २१३३पर्यंतच चालवतो, पट्टी मुकाट्याने खाली येते. ८ जीबी घेतली, जुन्या ४ बरोबर १२ होतील.

बॅटरी: इथे घासाघीस कमी, तपासणी जास्त. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर, ११.४ व्होल्ट, ४२ वॉट-तास, तिन्ही जुळवून घेतलं. पहिल्या दुकानात १४.८ व्होल्टची ‘सब में चलता है’ म्हणून दाखवत होते. नमस्कार करून पुढे गेले. एसएसडी ३,१००, रॅम १,५००, बॅटरी २,२००, हीटसिंकची (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या भागाची) पेस्ट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळून ४२०.

शनिवार, १० मे

ओंकारला सगळं एकदम बसवायचं होतं. मी नाही म्हटलं. मुद्रितात एका वेळी एकच हात फिरवतात. दोघांनी एकदम दुरुस्त्या केल्या तर चूक कुणी घातली ते कळत नाही. आज फक्त रॅम.

पट्टी तीस अंशांत तिरकी घालायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे पितळी कान टक् करून लागले पाहिजेत. मी दाबली, कान लागले, चालू केला, पडदा काळा. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. पोटात गोळा आला. पट्टी काढून पाहिली तर तिची सोनेरी कड एका बाजूला किंचित जास्त दिसत होती. पुन्हा तिरकी घालून आधी पूर्ण आत सरकवली, मग दाबली. सुरू झाला. बारा जीबी. पेजमेकरला याचं सोयरसुतक नाही, तो मेमरी एमबीत मोजायच्या काळातला. फायदा झाला ब्राउझरला.

रविवार, ११ मे

एसएसडी. हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसलेली, चौकटीला चार स्क्रू. त्याच चौकटीत एसएसडी. डिस्कची साटा केबल चपटी रिबन आहे, ती बोर्डाकडच्या टोकाला काढायची गरज नव्हती, म्हणून काढली नाही.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करायचा प्रयत्न काल रात्री केला होता, डिस्क यूएसबी डबीत घालून. ६१ टक्क्यांवर अडली. मेलेल्या जागांवर डोकं आपटत बसण्यापेक्षा कोरी विंडोज घालू, असं ठरलं. विंडोज १०चा परवाना या मशिनच्या बोर्डाशी बांधलेला, त्यामुळे इंटरनेट लागताच आपोआप मान्य झाला. विंडोज ११ इथे अधिकृतपणे चालत नाही. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असला तरी इंटेलची आठवी पिढी लागते, माझी सातवी. विंडोज १०ला सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५पर्यंत. त्यानंतर हे मशिन नेटपासून तोडून निव्वळ पानं लावायला, आणि मेल-बँक फोनवर. ओंकारला हे पटत नाही, तो विंडोजऐवजी लिनक्स म्हणतो. लिनक्सवर डोंगल चालवून दाखव म्हटलं. शोधतोय.

याच पोराने सकाळी सुचवलं होतं की डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे चौकट घालून दुसरी डिस्क बसवू. संध्याकाळी पेजमेकरची सीडी त्याच ड्राइव्हमध्ये घालताना मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

चालू केल्यापासून पेजमेकरचं पान समोर: ३८ सेकंद.

शनिवार, १७ मे

पंख्याचा दिवस. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सकाळी मोजून ठेवलं: पीडीएफ बनवताना ९३ अंश.

पंखा तीन स्क्रूंनी धरलेला, एक बारीक वायर. काढला तर आत काही दिसत नव्हतं, धूळ कुठे आहे? आहे ती पंखा आणि जाळी यांच्या मधे. तांब्याच्या पात्यांच्या तोंडाशी राखाडी रंगाची एक पट्टी, नमद्यासारखी दाबून बसलेली. चिमट्याने ओढली तर अख्खी निघाली, चार बोटं लांब. हातात धरून उजेडात पाहिली. त्यात कागदाचा भुगा होता, माझ्या कटिंगचा, पांढरे कण वेगळे कळत होते. बाकी उदबत्तीची काजळी असावी, देव्हारा याच भिंतीला आहे. एक केस होता, करडा. माझाच. म्हणजे बाहेरून ब्लोअर मारणाऱ्याने हे आणखी आत ढकललं असतं. (मारायचाच असेल तर पातं बोटाने धरून. वाऱ्याने गरगर फिरलेला पंखा बिघडू शकतो.)

हीटसिंकच्या स्क्रूंवर १ ते ४ आकडे कोरलेले. त्या क्रमाने, एकेक वळसा करत सैल केले. जुनी पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी. अल्कोहोलने, जुन्या सुती ओढणीच्या तुकड्याने पुसली. चिप आरशासारखी झाली, तिच्यात ट्यूबलाइट दिसली. नवी पेस्ट न भिजवलेल्या साबुदाण्याएवढी, दोन ठिकाणी, कारण चिपचे दोन चौकोन आहेत. आवळतानाही तोच क्रम, थोडं थोडं.

त्याच पीडीएफला आता ७० अंश. पंखा ऐकू येत नाही, त्यामुळे मधेच वाटतं बंद पडला की काय.

रविवार, १८ मे

नवी बॅटरी. पाच मिनिटांचं काम, आणि त्यात माती खाल्ली. झाकण लावताना समोरच्या कडेचे स्क्रू आवळत होते, एक नीट बसेना म्हणून थोडा जोर लावला. ओंकार खालून वरची बाजू बघत होता, ‘काकू थांबा थांबा!’ मनगट टेकतो त्या जागी आतून एक पुटकुळी आलेली. लांब स्क्रू आखूड जागी. माझा आराखडा, माझा डबल टेप, आणि मी कागद उलटा धरला होता. वरची कड खाली आली, डावं-उजवं फिरलं. छपाईच्या फिल्मची उलट-सुलट बाजू आयुष्यभर सांभाळलेल्या बाईने!

स्क्रू काढला. पुटकुळी राहिली. खाली बॅटरी नव्हती, कड होती, म्हणून बचावलं. लांब स्क्रू बॅटरीत गेला असता तर ही नोंद वेगळी असती. आराखड्यावर लाल पेनने ‘वर’ आणि बाण काढून ठेवला.

बॅटरी ८० टक्क्यांना थांबवायची सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये) सापडली. चालू केली. टेबलही खिडकीपासून हलवलं.

सोमवार, २६ मे

पहाटेपासून पाऊस. मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंदच नाही म्हणे. आमच्याकडे अकरा जूनचा हिशेब. आचार्य अत्रे चौकाच्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलेलं टीव्हीवर दाखवत होते आणि मला एकदम कुंडी आठवली.

धावत खिडकीशी. उलट्या बशीमुळे वरून पाणी गेलं नव्हतं, पण तळाच्या भोकातून रेती ओल धरत होती. कुंडी उचलून गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, गॅसपासून लांब. बॅटरी होती तेवढीच फुगलेली, कोरडी. तीन आठवडे मी ‘उद्या देऊ’ म्हणत होते, भंगारवाल्याने दोनदा मागितली होती. तो ती कशाने उघडेल ते माहीत असल्यामुळे दिली नाही.

रविवार, १ जून

लेटरहेडची छापील प्रत मिळाली, १२०० डीपीआयला स्कॅन केली. वीणेच्या तारा पुन्हा काढल्या. पहिल्यापेक्षा सरळ आल्यात, मंडळाला कळणार नाही.

जुनी हार्ड डिस्क फेकलेली नाही. तिच्यावर लोकांचे पत्ते, फोन, लग्नाच्या तारखा. वाचता येतंय तोवर पुसून घ्यायची आणि मग स्क्रू काढून चकत्या वेगळ्या करायच्या. ओंकारला त्यातलं लोहचुंबक हवंय.

शनिवार, १४ जून

बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिली. चिकटपट्टी लावलेली, रेतीच्या डब्यात, बसने न जाता टॅक्सीने, मांडीवर. काउंटरवरच्या मुलीने डबा उघडून बघितला, मला पुन्हा बघितलं आणि हातमोजे घातले. पावतीवर वजन ०.१९ किलो.

कुंडीतली रेती अजून ओली आहे. वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवली आहे.